'रिकामटेकड्यांचा छंद': एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया परवा रात्री साडेअकराला आली. मी ती सकाळी वाचली, झाडांना पाणी घालून झाल्यावर, आणि लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून. आता राग नाही. तरीही उत्तर लांबलंय, ते सांभाळून घ्या.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: 'जवळचं खा, जमेल तेवढं घरी पिकवा' या माझ्या लेखावर या वाचकांनी (नाव दिलेलं नाही, खाली 'एक वास्तववादी' एवढंच आहे) पाच गोष्टी लिहिल्या आहेत. अन्नामुळे होणाऱ्या प्रदूषणात वाहतुकीचा वाटा किरकोळ असतो, त्यामुळे 'जवळचं' या शब्दाला अर्थ नाही. शेतकरी बाजारात बसणारे बरेच जण शेतकरी नसतातच. तिथला माल महाग असतो. जीवनसत्त्वांबद्दल मी वाढवून लिहिलंय. आणि पाचवी गोष्ट जशीच्या तशी उतरवते: "गच्चीत चार टोमॅटो लावून जग वाचवल्याचा आव आणणं हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, जरा अभ्यास करा." 'जरा अभ्यास करा' एकूण तीनदा आलंय. मोजलं मी.

आधी कबुली देऊन टाकते, नाहीतर म्हणाल हिला चूक दाखवलेली चालत नाही. 'तोडल्यापासून आठवड्याभरात पालकातलं सगळं क जीवनसत्त्व निघून जातं' असं मी लिहिलं होतं. 'सगळं' हा शब्द चुकला. किती जातं ते पालक कुठे ठेवलाय यावर ठरतं. उघड्यावर भराभर जातं, थंडीत हळू. आणि तोडल्या तोडल्या गोठवलेला वाटाणा हा चार दिवस ट्रकमध्ये आणि गोदामात फिरून आलेल्या 'ताज्या' वाटाण्यापेक्षा सरस असू शकतो, हेही खरं. घ्या, हा गुण तुमचा.

आता रिकामटेकड्यांकडे येऊ.

मी नोकरी करते. सातला घराबाहेर पडते आणि परत येईपर्यंत दिवे लागलेले असतात. गेल्या हंगामात भोपळ्याला फुलं भरपूर आली पण फळ धरेना. बोराएवढं व्हायचं, पिवळं पडायचं, गळायचं. चौथ्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नव्हत्या, एवढंच कारण होतं. मग रोज सहा वाजता, चहाच्या आधी, मी गच्चीत. नर फूल लांब सडसडीत देठावर असतं, मादी फुलामागे चिमुकला भोपळा आधीच तयार असतो. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा. बोटाला पिवळी भुकटी लागते ती ऑफिसात पोचेपर्यंत नखात राहते. हे सगळं सकाळीच उरकावं लागतं, कारण ऊन चढलं की फूल मिटतं आणि परत उघडत नाही. सहा मादी फुलांपैकी चार भोपळे धरले. रिकामटेकड्या माणसाला सहाला उठायची काय गरज, हे मला खरंच कळलेलं नाही.

आणि छंद म्हणाल, तर हा छंद मला आजीकडून आलाय. तिच्या परसात न्हाणीघराचं पाणी पाट काढून वाफ्यात सोडलेलं असायचं. सहा माणसांच्या घरातली निम्मी भाजी त्या वाफ्यांतून निघायची. तिला कोणी पर्यावरणवादी म्हटलं असतं तर तिने आधी त्याला बसायला पाट दिला असता आणि मग अर्थ विचारला असता. ती रिकामटेकडी होती का? हात जोडून विचारते, होती का?

तुम्ही म्हणाल, आजीचं सोडा, आजचं बोला. बरं. पण तुम्हाला अभ्यास हवाय ना? मग दुसऱ्या महायुद्धाकडे या. अमेरिकेत तेव्हा सुमारे २ कोटी 'व्हिक्टरी गार्डन', म्हणजे लोकांनी स्वतः केलेल्या भाजीच्या बागा, उभ्या राहिल्या. अंगणात, गच्चीवर, शाळेच्या मैदानात, रिकाम्या प्लॉटवर. देशात पिकणाऱ्या भाजीपैकी ४० टक्क्यांच्या आसपास भाजी या बागांतून येत होती, असा अंदाज सांगितला जातो. १९४३ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर भाजीचा वाफा करायला लावला. ब्रिटनमध्ये 'डिग फॉर व्हिक्टरी' (विजयासाठी खणा) म्हणून सरकार स्वतः लोकांच्या हातात फावडं देत होतं. युद्ध होतं म्हणून केलं, हे मलाही ठाऊक आहे. तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेचे कष्ट वाचवते. मुद्दा एवढाच की चार-चार टोमॅटोंची बेरीज किती होते हे एकदा दिसलेलं आहे. आणि त्या बागा करणारी माणसं रिकामी नव्हती. दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी खुरपं हातात घेणारी होती.

बरं, 'जग वाचवल्याचा आव' मी कुठे आणला? लेख पुन्हा उघडून पाहिला. 'जग' हा शब्द एकदा आलाय, तोही 'जगभर' असा. मी लिहिलं होतं ते चवीबद्दल आणि शिकण्याबद्दल. पहिल्या वर्षी माझ्या टोमॅटोंना बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडायचा. मी अंड्याची टरफलं कुटून घातली, कोणी सांगितलं म्हणून. काही फरक नाही. मग समजलं की कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतं, पण ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं, आणि मी दोन दिवस कुंडी कोरडी ठेवून तिसऱ्या दिवशी बादली ओतत होते. पाणी रोज, थोडं आणि ठरलेल्या वेळी द्यायला लागले, डाग थांबला. हे वाचून कळलं असतं, पण कळलं नसतं. हे वाक्य विचित्र आहे, राहू दे.

एक गोष्ट मात्र टोचली, ती सांगते. मतभेदाचं काही नाही. मी अकरा वर्षं लिहितेय, लोकांनी माझ्या लेखांची चिरफाड केलेली आहे आणि त्यांच्याशी माझी पुढे मैत्री झालेली आहे. पण 'तुमचं हे वाक्य चूक आहे' आणि 'तुम्ही रिकामटेकड्या आहात' यांत फरक असतो, आणि तो कळायला फार अभ्यास लागत नाही. समोर बसून कुणाला असं म्हणाला असता का? नाव लिहून म्हणाला असता का? जाऊ दे.

राहिलेले मुद्दे थोडक्यात.

वाहतूक. तुम्ही ज्या २००८ च्या अमेरिकी अभ्यासाचा दाखला दिलात तो मी वाचलाय. अन्नापायी होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के आणि शेतापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा ४ टक्के. आकडे बरोबर आहेत. बराचसा भार शेतातच पडतो, आणि मांस-दुधाचा सर्वांत जास्त, हेही बरोबर. पण मी लेख कार्बनवर लिहिलाच नव्हता. एक परिच्छेद होता, तो सोडून द्या. तापवलेल्या काचघरातल्या जवळच्या टोमॅटोपेक्षा लांबून आलेला उघड्या शेतातला टोमॅटो कमी इंधन खातो, हे उदाहरणही तुम्ही मोठ्या आनंदाने दिलंय. अहो, ते हंगामात खा म्हणून सांगणारं उदाहरण आहे! माझ्याच बाजूचं.

महाग. काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. पुढे.

शेतकरी नसलेले शेतकरी. हे खरं आहे आणि याबद्दल मी आधीच लिहायला हवं होतं. घाऊक बाजारातून माल उचलून शेतकरी बाजारात बसणारे असतात. ते ओळखता येतात. ज्याच्याकडे बाराही महिने सगळं असतं, एका मापाचं, एका रंगाचं, तो पिकवत नसतो. मी एकच प्रश्न विचारते: हे कधी तोडलं? पिकवणारा माणूस 'आज पहाटे' किंवा 'काल उन्हं उतरल्यावर' असं सांगतो, आणि बहुतेक वेळा न विचारता पुढची तक्रारही सांगतो, की यंदा माव्याची कीड फार आलीय, घेवडा पुढच्या आठवड्यात संपेल. दुसरा 'एकदम फ्रेश आहे मॅडम' म्हणतो. मक्याच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण कणीस तोडलं की दाण्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर सुरू होतं आणि उन्हात ते आणखी वेगाने होतं. सकाळी तोडलेलं आणि तीन दिवसांपूर्वीचं कणीस शेजारी ठेवून खाऊन बघा. टोमॅटोचंही तसंच: लांब पाठवायचा तो हिरवटच तोडतात, वाटेत किंवा पोचल्यावर फळं पिकवणाऱ्या इथिलीन वायूने रंग आणतात. रंग येतो. वास यायचा तेवढा येत नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवला की उरलासुरलाही जातो. हे मी लेखात लिहिलं होतं, अर्धं पान. त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही. बाकी सगळ्यावर आहे.

तुमची प्रतिक्रिया काही वाचकांनी काढून टाकायला सांगितली. काढणार नाही. खाली तशीच आहे, शुद्धलेखनासकट.

ता.क. मूळ लेखात 'सगळं'च्या जागी 'बरंचसं' केलं आहे. वाहतुकीवरचा परिच्छेदही काढला, तो तसाही लेखात नीट बसत नव्हता.