जबाबदारीने कसं हरावं?

हरायचंच आहे ना, मग जबाबदारीने हरा. ऑनलाइन रमीच्या जाहिरातीच्या शेवटी तो आवाज तेच सांगायचा. आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. सगळं एका श्वासात, जणू शेवटची लोकल सुटतेय. कळलं नसेल तर दोष तुमच्या कानांचा.

दोष स्वतःकडे घेणं हाच मुख्य नियम. रात्री दोनला मोबाइल थरथरतो, ‘तुमचा बोनस संपतोय’. डाव एका पत्त्याने हुकतो, आणि हुकला म्हणूनच आणखी एक मांडावासा वाटतो. ही रचना कोणीतरी पगार घेऊन केलीय, असलं मनात आणू नका. तुमचाच मनोनिग्रह कच्चा. गावात गॅस्ट्रोची साथ आली की ग्रामपंचायत उगाच विहिरीत टीसीएल पावडर टाकत बसते. नुसती पाटी लावावी: ‘पाणी जबाबदारीने प्या’. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचं व्यसन आजारांच्या यादीत घातलंय म्हणे. पण त्यांना कुठे रमी येते!

शंका उरली तर पणजीला जा. मांडवीत कॅसिनोच्या बोटी झगमगत असतात, आणि फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. म्हणजे अपाय होतो हे सरकारला ठाऊक आहे. तो पाहुण्यांना व्हावा, एवढीच काळजी घेतलीय. अतिथी देवो भव.

ऑनलाइनचं म्हणाल, तर ऑक्टोबर २०२३ पासून तुम्ही भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी होता. तुम्ही हरत नव्हता, राष्ट्रउभारणी करत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले आणि ते पुण्य थांबलं. कर्जाचे हप्ते थांबले नाहीत, कारण त्यांचा कायद्यात उल्लेख नाही. बंदीने खचू मात्र नका. जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, मटका जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा. तरी टपरीमागे ओपन-क्लोज लागतोच. अधूनमधून धाड पडते, ‘रोख रक्कम व आकड्यांच्या चिठ्ठ्या जप्त’ एवढी बातमी येते. ज्याने चिठ्ठी लावली त्याच्या घरात काय शिजलं, हे पंचनाम्यात लिहायला रकाना नसतो.

घरी काही बोलू नका. ‘मंगळसूत्र पॉलिशला दिलंय’ हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा, पहिल्यांदा जीभ अडखळते.

आणि १४४१६ हा नंबर चुकूनही सेव्ह करू नका. ‘टेली-मानस’ची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. शिवाय तिथे वेलकम बोनस मिळत नाही.