उजव्या कोपऱ्यात लिहिलंय ते वाचा की!

रविवारी सकाळी ९ वाजून ४२ मिनिटांनी फोन आला. मी मंडईत, हातात मेथीच्या दोन जुड्या. पलीकडून एवढंच: "मॅडम, मेनफ्रेम डाउन आहे, लगेच ब्रिजवर या." ब्रिज म्हणजे सगळ्या टीमचा सामाईक कॉल.

मेनफ्रेम, म्हणजे एकाच यंत्रात अनेक सर्व्हर चालवणारा आमचा मोठा संगणक, डाउन नव्हता. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण आज चार दिवस झाले तरी बिघाडाच्या तिकिटावर 'मेनफ्रेम आउटेज' असंच लिहिलेलं आहे आणि ते बघितलं की माझं डोकं फिरतं.

धावत घरी आले. लॅपटॉप, व्हीपीएन, मग मेनफ्रेमच्या ३२७० टर्मिनलची काळी स्क्रीन. पहिली कमांड दिली 'क्यू सीपीलेवल'. शेवटच्या ओळीत आयपीएलची तारीख येते, म्हणजे सिस्टिम शेवटची कधी उठवली ते. सात महिन्यांपूर्वीची तारीख. म्हणजे झेडव्हीएम, ज्यावर आमचे सगळे सर्व्हर चालतात ती सिस्टिम, सात महिने एकदाही न पडता चालू होतं. मग 'क्यू नेम्स'. चाळीसच्या वर गेस्ट, म्हणजे झेडव्हीएमवर चालणारे आभासी सर्व्हर, आहेत आमच्याकडे, सगळे जागच्या जागी. फक्त एक नाव नव्हतं. क्लेम्सचा डेटाबेस ज्या लिनक्स गेस्टवर चालतो, तो यादीतच नाही. बंद नाही, हँग नाही, लॉगऑफ झालेला.

हे मला दोन मिनिटांत दिसलं. ब्रिजवर तोपर्यंत एकोणीस जण जमले होते आणि अर्धा तास झाला होता. नेटवर्कवाले फायरवॉल तपासत होते. स्टोरेजवाले "आमच्याकडे सगळं हिरवं आहे" हे तिसऱ्यांदा सांगत होते. आणि एक मॅनेजर, अमेरिकेत मध्यरात्र म्हणून आधीच वैतागलेले, म्हणाले की अख्खा मेनफ्रेमच एकदा रीबूट करून टाकू या. अहो! एक भाडेकरू दार उघडत नाही म्हणून अख्ख्या चाळीची वीज तोडायची? त्या एलपारवर, म्हणजे मेनफ्रेमच्या त्या विभागात, चाळीस सर्व्हर चालू आहेत, वीकेंडची बॅच चालू आहे, आणि तुम्ही कोणालाही न विचारता ते सगळं खाली आणायला निघालात? मी तिथे आवाज चढवला. नंतर मला मेसेज आला की टोन जरा सांभाळा. नाही सांभाळणार. अशा वेळी आवाज चढवायचा नाही तर कधी?

'एक्सऑटोलॉग' देऊन गेस्ट परत उठवला. पण डेटाबेस असा अचानक मेला की नुसता उठत नाही. आपले लॉग, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, वाचतो, अर्धवट राहिलेले व्यवहार मागे घेतो, मग दार उघडतो. त्यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात दर पाच मिनिटांनी "ईटीए?", म्हणजे कधी होणार, असा प्रश्न. जणू मला विचारल्यावर डेटाबेस भरभर वाचणार आहे.

मग मी ऑपरेटर कॉन्सोलचा लॉग उघडला. तीन ओळी होत्या. ९:१० ला त्या गेस्टच्या नावावर कोणीतरी 'रीकनेक्ट'. ९:१२ ला 'डिसकनेक्ट'. ९:२७ ला 'लॉगऑफ', आणि ओळीच्या शेवटी 'फोर्स्ड बाय सिस्टिम'. पहिल्या ओळीत आयपी ॲड्रेससुद्धा होता. संपलं. सगळी गोष्ट त्या तीन ओळींत होती, आणि एकोणीस जणांपैकी एकानेही तो लॉग उघडून पाहिला नव्हता.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण इथेच सगळी गोम आहे. झेडव्हीएममध्ये प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक युजर. त्या युजरच्या नावाने लॉगऑन करणं म्हणजे एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत शिरणं नव्हे. तुम्ही त्या मशीनच्या पुढच्या पॅनेलसमोर जाऊन उभे राहता. डिसकनेक्ट अवस्थेत निवांत चालू असलेल्या गेस्टच्या नावाने तुम्ही परत जोडलं गेलात की सीपी, म्हणजे खालचा कंट्रोल प्रोग्राम, ते मशीन थांबवतो आणि तुमच्या हुकमाची वाट बघतो. लिनक्स थांबतं. डेटाबेस थांबतो. स्क्रीनवर उजव्या खालच्या कोपऱ्यात लिहून येतं 'सीपी रीड'. आता तुम्ही 'बिगिन' म्हणायचं, नुसतं 'बी' टाकलं तरी चालतं. मशीन पुढे चालायला लागतं, कोपऱ्यात 'रनिंग' येतं. काम झालं की '#सीपी डिस्क' (डिसकनेक्टचं लघुरूप) देऊन बाहेर. इतकंच! आणि समजा 'बिगिन' न देता तुमची विंडो बंद झाली किंवा व्हीपीएन तुटलं, तर सीपी पंधरा मिनिटं थांबतो आणि मग त्या युजरला लॉगऑफ करतो. चालत्या सर्व्हरचा प्लग खेचल्यासारखं.

हे असं का, तर त्यालाही कारण आहे, आणि ते कारण अगदी शहाणपणाचं होतं. व्हीएम/३७० जाहीर झालं ऑगस्ट १९७२ मध्ये. तेव्हा एक युजर म्हणजे टर्मिनलसमोर बसलेला एक जिवंत माणूस. त्याची लाइन तुटली, तो परत आला, तर त्याचं मशीन त्याच्यासाठी थांबून राहावं, त्याच्या नकळत काही पुढे जाऊ नये. आणि तो आलाच नाही तर पंधरा मिनिटांनी जागा मोकळी व्हावी. आज त्याच जागी माणसाऐवजी लिनक्स बसलंय, महिनोन्‌महिने. म्हणून तर 'सेट रन ऑन' ही सोय आहे. ती लावली की कोणी कॉन्सोलवर आलं तरी गेस्ट थांबत नाही. डिरेक्टरीत, म्हणजे झेडव्हीएमच्या युजर-यादीत, गेस्टच्या एन्ट्रीत एक ओळ घालायची: 'कमांड सेट रन ऑन'. चालू गेस्टला थांबवायचंही नसेल तर लिनक्समधून रूटने, म्हणजे पूर्ण अधिकार असलेल्या युजरने, 'व्हीएमसीपी सेट रन ऑन' द्यायचं. एक सेकंद लागतो.

ही ओळ मी जूनमध्ये मागितली होती. सगळ्या प्रॉडक्शन गेस्टसाठी. रीतसर चेंज, म्हणजे बदलाचा अर्ज, टाकला होता, कारण लिहिलं होतं, काय होऊ शकतं तेही लिहिलं होतं. चेंज बोर्डाने परत पाठवला. शेरा: बिझनेस इम्पॅक्ट स्पष्ट नाही. लिनक्स टीमकडे रूट आहे म्हणून त्यांना म्हटलं, तुम्ही निदान ती एक कमांड द्या. ते म्हणाले त्यालाही चेंज लागेल. मी पुन्हा टाकला. पुन्हा परत आला. आता घ्या बिझनेस इम्पॅक्ट! क्लेम्स दीड तास बंद, एकोणीस जणांचा रविवार, आणि वर तिकिटावर नाव कोणाचं, तर मेनफ्रेमचं.

त्या आयपी ॲड्रेसवरून मुलगा सापडला. लिनक्स टीममध्ये नवीन आलेला, चोवीस-पंचवीसचा असेल. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, "मॅडम, एसएसएच स्लो वाटत होतं म्हणून कॉन्सोलवरून बघायला गेलो. स्क्रीन अडकली. काहीच होईना. म्हणून विंडो बंद केली." मी विचारलं, खाली कोपऱ्यात काय लिहिलं होतं? त्याला आठवत नव्हतं. तिथे काही लिहिलेलं असतं हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रडकुंडीला आला होता बिचारा. माझा राग त्याच्यावर नाही, हे स्पष्ट सांगते. ज्यांनी त्याच्या हातात प्रॉडक्शन गेस्टच्या कॉन्सोलचा पासवर्ड दिला आणि अर्ध्या तासाचं ट्रेनिंग दिलं नाही, राग त्यांच्यावर आहे. ट्रेनिंगचं बजेट मी दोन वर्षं मागतेय. उत्तर ठरलेलं: हे प्लॅटफॉर्म आता लेगसी आहे, त्यात गुंतवणूक नको.

हा 'लेगसी' शब्द तर मला आता ऐकवत नाही. झेडव्हीएम ७.४ सप्टेंबर २०२४ मध्ये आलं. चालू गेस्ट एका सिस्टिमवरून दुसऱ्या सिस्टिमवर न थांबवता हलवता येतो, आत चाललेल्या कामासकट. आणि तुम्हाला त्याचं शिक्षण नको, माणसं नकोत, फक्त ते कधी पडता कामा नये. आमच्या टीममध्ये पाच जण होतो. आता दोघं. ज्यांनी मला हे सगळं शिकवलं ते सर निवृत्त झाले तेव्हा मी म्हटलं होतं, सहा महिने त्यांना सल्लागार म्हणून ठेवा, त्यांच्या डोक्यात जे आहे ते लिहून घेऊ. नाही ठेवलं. त्यांनी जाताना मला स्वतःची वही दिली, प्रत्येक व्हॉल्यूमचं (डिस्कचं) कोणतं सिलिंडर (जागेचा तुकडा) कोणाला दिलंय ते पेन्सिलने लिहिलेली. त्या वहीने आम्हाला दोनदा वाचवलंय.

त्यातली एक वेळ सांगतेच. गेस्टला डिस्क देताना डिरेक्टरीत 'एमडिस्क'ची ओळ लिहावी लागते. त्यात दोन आकडे येतात. पहिला, कुठल्या सिलिंडरपासून सुरुवात. दुसरा, किती सिलिंडर. किती! कुठपर्यंत नव्हे. एकाने घाईत लिहिलं ३००१ आणि ६०००. त्याच्या मनात होतं ३००१ ते ६०००. झालं काय, तर ३००१ पासून पुढे सहा हजार, म्हणजे थेट ९००० पर्यंत. आणि ६००१ पासून दुसऱ्या गेस्टची डिस्क होती. डिरेक्टरी लागू करणारं 'डिरेक्टएक्सए' चालवलं, एकही एरर नाही, कारण दोन डिस्क एकमेकींवर चढतायत का हे तो तपासतच नाही. दोन लिनक्स एकाच जागेवर लिहायला लागले असते तर दोन्हींचा डेटा कुजला असता, आणि तो कुजलाय हे कळलं असतं कोण जाणे कधी. त्या गेस्टला लॉगऑन करायच्या आधी मी डिस्कच्या वाटपाचा नकाशा काढणारा 'डिस्कमॅप' चालवला, ओव्हरलॅप दिसला, वहीतल्या पेन्सिलीच्या रेघेशी ताडून पाहिला आणि थांबवलं. तेव्हाही तक्रार काय आली? मेनफ्रेम टीम डिस्क द्यायला दोन दिवस लावते, क्लाउडवर दोन मिनिटांत मिळते. हो, लावते दोन दिवस! कारण मी बघून देते.

मेमरीचंही तेच रडगाणं. ॲप्लिकेशनवाले येतात, म्हणतात आमच्या जुन्या सर्व्हरवर ६४ जीबी होती, इथेही ६४ द्या. अरे, लिनक्सला जेवढी द्याल तेवढी ते कॅशने, म्हणजे वाचलेल्या फायलींच्या प्रतींनी, भरून टाकतं. खाली झेडव्हीएमला वाटतं हे सगळं वापरात आहे. असे दहा जण झाले की सीपी पेजिंग, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवणं, करत बसतो आणि सगळेच मंदावतात. मग म्हणणार, स्लो आहे, ९६ द्या. पेजिंगची जागा भरली की तो स्पूलवर, म्हणजे छपाई वगैरेच्या फायलींच्या जागेवर, चढतो, आणि तीही भरली तर पीजीटी००४ ॲबेंडने, म्हणजे अचानक कोसळून, अख्खी सिस्टिम बसते. तेव्हा मात्र खरोखर मेनफ्रेम डाउन. पेजिंगची जागा किती भरली ते दाखवणारं 'क्यू ॲलॉक पेज' मी रोज सकाळी बघते, चहा प्यायच्या आधी. दुसरं कोणी बघतं का? मी सुट्टीवर असले की कोणीच नाही.

आणि हे शेवटचं, पण रोज होतं म्हणून जास्त छळतं. सिक्युरिटीने नियम केला, रूटच्या पासवर्डमध्ये विशेष चिन्ह पाहिजेच. ठीक. पण पासवर्ड तयार करणारं त्यांचं साधन हटकून '#' घालतं. ३२७०वर '#' म्हणजे सीपीच्या दृष्टीने ओळ संपली. कॉन्सोलवरून लॉगइन करताना पासवर्ड मधोमध तुटतो, अर्धा एका ओळीत, उरलेला दुसऱ्या ओळीत. तीन प्रयत्न, अकाउंट लॉक. आणि कॉन्सोलवरून लॉगइन करायची वेळ कधी येते? नेटवर्क गेलेलं असतं तेव्हा, रात्री तीनला. मी तीन मेल पाठवल्या, '#' वगळा, बाकी काहीही घाला. उत्तर आलं की हे साधन सगळ्या प्लॅटफॉर्मसाठी एकच आहे, अपवाद करता येत नाही.

काल आरसीएची, म्हणजे मूळ कारण शोधण्याची, मीटिंग झाली. माझ्या तीन ओळी मी स्क्रीनवर दाखवल्या. ९:१०, ९:१२, ९:२७. पुढची तीन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग ठरलं काय, तर 'मेनफ्रेम प्लॅटफॉर्मची स्थिरता वाढवण्यासाठी' एक कमिटी. आणि कॅटेगरी बदलायला सांगितली तर म्हणाले, तिकीट क्लोज झालंय, आता बदलता येत नाही.

'सेट रन ऑन'चा चेंज आज सकाळी तिसऱ्यांदा टाकलाय. बिझनेस इम्पॅक्टच्या रकान्यात रविवारच्या तिकिटाचा नंबर लिहिलाय. बोर्ड आता पुढच्या गुरुवारी बसतो. तोपर्यंत रोज रात्री झोपायच्या आधी ऑपरेटरचा लॉग उघडून बघतेय, कोणाच्या नावापुढे 'रीकनेक्ट' आलंय का.