उसळीचं बोललात, वजनाचं राहिलं

बीबीकोर बॅटमुळे, म्हणजे चेंडूची उसळी मर्यादेत ठेवणाऱ्या मानकाच्या बॅटमुळे, हायस्कूल बेसबॉलमधली फटकेबाजी आटली, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. 2012 पासून अमेरिकेतल्या शाळांत बॅटच्या उसळीवर .50 ची मर्यादा आली, मान्य. पण ‘उणे तीन’ची अट लेखात कुठेच नाही! म्हणजे बॅटच्या औंसांतल्या वजनाचा आकडा इंचांतल्या लांबीपेक्षा फार तर तीनने कमी चालतो: 33 इंची बॅट निदान 30 औंसांची हवी. माझा मुलगा आठवीपर्यंत उणे आठची हलकी बॅट फिरवायचा. नववीत जड बॅट हातात आली आणि अंगाजवळचा फास्टबॉल मुठीपाशीच लागायला लागला. हात झिणझिणायचे आणि चेंडू जेमतेम पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पायाशी.

उसळी कमी असल्याचं दुःख चेंडू बॅटच्या पोटावर बसल्यावरचं. या पोरांची बॅटच मुळात उशिरा येते. हिवाळाभर लाकडी बॅटने सराव केलेली मुलं मात्र मार्चमध्ये सामने सुरू झाल्यावर एवढी चाचपडत नाहीत, हेही पाहिलंय.