'पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवा, मशीन कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तळघरातल्या दमटपणावर मी लिहिलं की पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवा आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन, लावा; त्यावर तुम्ही म्हणताय की आमच्या वाड्याचं तळघर मशीनशिवाय कोरडं असायचं, पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवल्या की झालं, फार तर वॉटरप्रूफिंग करा, लोकांना विजेच्या खर्चात पाडू नका, आणि वर "डीह्युमिडिफायर विकायचं कमिशन मिळतं का?" मत वेगळं असू दे हो, पण हे कमिशन मधेच कुठून आलं? एका कंपनीचं नाव घेतलेलं नाही मी. ओळख ना पाळख, आणि थेट माणसाच्या हेतूवर यायचं, ही कुठली पद्धत?

विजेचं तुमचं बरोबर, तो आकडा द्यायला हवा होता. ३०० वॅटचं मशीन १० तास चाललं की ३ युनिट. बस.

आता खिडक्या. जुलैत पुण्यात बाहेर २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असणं यात नवीन काही नाही. तीच हवा खिडकीतून खाली उतरली आणि जमिनीतल्या भिंतींमुळे २५ अंशांवर आली, की तिच्यातलं पाणी आहे तेवढंच राहतं, पण गार हवेत पाणी कमी मावतं, म्हणून आर्द्रता जाते ९५ टक्क्यांवर. भिंतीला थेंब सुटायचीसुद्धा गरज नाही, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस सलग राहिली की चामड्याला, लाकडाला, कागदाला बुरशी धरायला लागते. म्हणजे हवा खेळती ठेवतोय असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात दिवसभर आपणच ओल आत भरत असतो.

आणि हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. आमचं शनिवार पेठेतलं घर १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेलं, मग आजोबांनी पर्वतीच्या उताराला बांधलं, त्याच घरात मी वाढलो. आई दर पावसाळ्यात अगदी तुम्ही सांगताय तसेच तळघराचे झरोके उघडे ठेवायची आणि गणपती येईपर्यंत ट्रंकेतल्या साड्यांना कुबट वास, आजोबांच्या पोथ्यांवर पांढरी बुरशी, भिंतीला लोणा, गिलाव्याचे पोपडे. पोथ्या उन्हात घालताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी बघितलंय, त्यामुळे तुमचे "घरबसल्या ज्ञान" वगैरे शब्द मला लागतात, स्पष्टच सांगतो. आज त्याच तळघराचे झरोके जूनमध्ये बंद होतात, मशीन ५५ टक्क्यांवर लावलेलं असतं, उरलेल्या पोथ्या धड आहेत.

वाड्याचं म्हणाल तर ती जाड दगडी भिंत, चुन्याची, ओल घेते आणि सोडतेही. सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट मारलेल्या बंगल्याला तो हिशोब लावू नका.

वॉटरप्रूफिंग हा विषयच वेगळा, त्यात आत्ता शिरत नाही. भिंतीतून पाणी येत असेल तर जरूर करा, कोण नको म्हणतंय? आधी प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा, भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला दिसलं तर हवेतली.

खिडक्या दिवाळीनंतर खुशाल उघडा, तेव्हा हवा कोरडी असते. हे लेखातही होतं, तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा एक हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या, खिडकी उघडी ठेवून बाहेरचा आणि तळघरातला आकडा लिहून पाठवा, मग बोलू.