दुखणे हे इजेचे माप नव्हे

गेले काही दिवस बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सातत्याने पुढे पाठवला जात आहे. त्यात तीन विधाने ठामपणे केलेली आहेत. इजा जितकी मोठी तितके दुखणे जास्त, तपासणीत काही सापडले नाही तर दुखणे मनाचे, आणि दुखत नसेल तर दवाखान्याची पायरी चढण्याचे कारण नाही. तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि तिसरे तर जिवावर बेतणारे आहे, म्हणून त्याच क्रमाने उत्तर देत आहे.

पहिले विधान. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर, जिथे आपल्या मराठा पलटणीही लढल्या, हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांनी गंभीर जखमी झालेल्या 215 सैनिकांची पाहणी केली आणि 1946 साली ती प्रसिद्ध केली. वेदनेवर औषध हवे का, असे विचारल्यावर जेमतेम एक चतुर्थांश सैनिकांनी होकार दिला. याच्या नेमके उलट उदाहरण 1995 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले. एका बांधकाम मजुराच्या बुटातून 15 सेंटीमीटरचा खिळा आरपार गेला होता आणि तो इतका कळवळत होता की त्याला गुंगीचे औषध द्यावे लागले. बूट काढल्यावर दिसले की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता आणि पायाला ओरखडाही नव्हता. त्या मजुराचे दुखणे खोटे नव्हते. मज्जातंतू केवळ धोक्याची वर्दी देतात; ती वर्दी मज्जारज्जूतच वाढवली किंवा दाबली जाऊ शकते, हे मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडले, आणि डोळ्यांना काय दिसते, मनात भीती किती आहे, पूर्वी काय घडले आहे, हे सारे धरून मेंदू दुखणे उभे करतो. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो आणि बरे वाटते, तेही याच कारणाने.

दुसरे विधान मला अधिक लागते, कारण त्याने माणसे घरातच एकटी पडतात. निपाणीत दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईची कंबर वर्षानुवर्षे दुखते, एमआरआयमध्ये विशेष काही निघत नाही आणि घरचे म्हणतात, ‘हिची नाटकं सुरू झाली.’ वास्तविक दुखण्याच्या खुणा वारंवार मिळत राहिल्या की मज्जासंस्था स्वतःच हळवी होते आणि साध्या स्पर्शालाही धोका समजू लागते. असा बदल एमआरआयच्या चित्रात दिसत नाही. चित्रात दोष दिसला म्हणजे दुखलेच पाहिजे, असेही नाही. कंबरदुखी नसलेल्या 3110 लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला, त्यात मणक्यातील गाद्यांची झीज विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत आढळली. यांतील कोणाचीही कंबर दुखत नव्हती. ‘गादी सरकली’ हे शब्द कानी पडताच घाबरून अंथरूण धरणाऱ्यांनी हे आकडे डॉक्टरांशी बोलताना जरूर काढावेत.

आता तिसरे विधान. माझे मामा गेली पंधरा वर्षे साखरेचे रुग्ण आहेत. सौंदत्तीला यल्लमाच्या डोंगरावर ते नवसाप्रमाणे अनवाणी गेले आणि बाभळीचा काटा अंगठ्याच्या बुडाशी मोडून राहिला. चार दिवसांनी मामींना सारवलेल्या जमिनीवर पाण्यासारखे डाग दिसले, तेव्हा त्यांनी पाय उचलून पाहिला; जखम आतपर्यंत सडली होती. ‘दुखलंच नाही, मग दाखवायचं कशाला?’ असे मामा म्हणाले. अंगठा काढावा लागला. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा निकामी होऊ शकतात, कुष्ठरोगातही तेच होते, आणि मधुमेहींना कधी कधी हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत कळ न येता येतो. खोल भाजल्यावर त्वचेतील नसाच जळून जातात, त्यामुळे वरवरच्या भाजण्यापेक्षा ते कमी दुखते. मधुमेहींनी रोज रात्री तळवे डोळ्यांनी पाहावेत, हाताने नव्हे. हातालाही बधिरपणा असू शकतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात असाच न दुखणारा मोठा धोका मण्यार या सापाचा. गांधीलमाशी चावली की माणूस ओरडतो आणि बहुधा काही तासांत ते ओसरते. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तिचे दात इतके बारीक असतात की खूण शोधूनही सापडत नाही, सूज येत नाही, फारसे दुखतही नाही. पुढच्या काही तासांत पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वास थांबतो. ‘काही झालं नाही, पहाटे बघू’ म्हणण्याला तेथे वेळच नसतो. अंथरुणात साप दिसला किंवा सकाळी उठताना पापण्या जड झाल्या, तर दुखते की नाही हे न विचारता, गाठ न बांधता आणि जखम न कापता, सापाच्या विषावरील औषध (प्रतिविष) व कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात तात्काळ न्यावे.