एक रुपया लागला नाही

"आजवर एक रुपया लागला नाही गाडीला," साडू म्हणाले आणि पोळ्याला बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. लगेच काढूनही घेतला. मे महिना, भुसावळ आणि दुपारचे बारा.

जुनी गाडी कशी पारखावी याचा मी महिनाभर अभ्यास केला होता. पहिला नियम असा की गाडी थंड असतानाच सुरू करून बघायची. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर सकाळची खडखड आणि धूर दोन्ही लपतात. म्हणून आधी बॉनेटला हात लावायचा. हा नियम करणारा माणूस मे महिन्यात भुसावळला आलेला नसावा. पारा 45 च्या वर गेला, की आठवडाभर बंद असलेल्या गाडीच्या बॉनेटवरही कळण्याची भाकरी भाजून निघेल.

पण खरी अडचण उन्हाची नव्हती, नात्याची होती. परक्याच्या गाडीखाली चटई टाकून आडवं होता येतं. इथे आत मेव्हणी शेवभाजी रटरटवत होती, बायको तिच्याशी हळू आवाजात बोलत होती (म्हणजे माझ्याबद्दलच) आणि साडू शेजारी उभे. अशा वेळी सासुरवाडीच्या माणसाच्या गाडीखाली डोकं घालून ऑइल कुठे गळतंय ते बघायचं? साने गुरुजी ज्या अमळनेरात मास्तर होते, तिथेच मीही विज्ञान शिकवतो. एवढा धीटपणा आमच्या पेशात बसत नाही.

तरी रुमाल पाडला. तो उचलताना टायरवरचे चार आकडे वाचून घेतले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2316, म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. नक्षी अजून शिल्लक होती, पण बाजूच्या रबराला काळ्या शेतासारख्या भेगा पडल्या होत्या. रुमाल दुसऱ्यांदा पाडला तेव्हा साडूंनीच उचलून दिला. तिसऱ्यांदा पाडायची सोय उरली नाही.

मीटरवर 1,84,000 किलोमीटर होते. त्यात लपवाछपवी नव्हती. साडूंचा कापडाचा धंदा, सुरतेच्या चकरा. क्लचच्या पायपट्टीचं रबर झिजून आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. आकड्याला मी घाबरलो नाही, हायवेवरचे किलोमीटर इंजिनाला तसे सोसतात. घाबरायला हवं होतं ते "एक रुपया लागला नाही" या वाक्याला. एवढ्या पळालेल्या गाडीला रुपया लागला नाही, याचा अर्थ लागायचे ते सगळे रुपये पुढच्या मालकाची वाट बघत बसलेत. पण तोवर शेवभाजी ताटात आली होती, आणि त्या रश्श्यापुढे माझी चिकित्सा नेहमीच हरते.

परतीला पाळधीच्या आसपास तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा, हे मी वाचलं होतं. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनाची धग तो आत ओढून घेतो. विज्ञान चोख आहे. फक्त ते मे महिन्यातल्या दुपारी जळगाव-धरणगाव रस्त्यावर बायकोला समजावून सांगण्यासारखं नाही. पुढे एका निंबाखाली गाडी थांबवली. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. म्हणून तासभर आम्ही तिघं शांत बसलो. मी, बायको आणि तिने माझ्याशी धरलेला अबोला.

अमळनेरला मिस्तरीने झाकण उघडून बोट आत घातलं. बाहेर आलं ते विटकरी रंगाचं. कूलंटचा पत्ता नव्हता, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. क्षार आणि गंज साचून रेडिएटर अर्धा बुजला होता.

"मास्तर, गाडी कोनी शे?"

"साडूची होती."

"तरीच," तो म्हणाला आणि कागद-पेन्सिल मागितली.

रेडिएटर, थर्मोस्टॅट, होस पाइप. ब्रेकचं ऑइल चहासारखं काळं. ते हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. लोअर आर्मचे बुश खलास. चारही टायर. सगळ्यात जास्त वेळ तो टायमिंग बेल्टपाशी, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणाऱ्या दातेरी पट्ट्यापाशी थांबला. कव्हर काढून पट्टा वाकवला, तर दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा. हा पट्टा तुटायच्या आधी कुरकुर करेलच असं नाही. तुटला की अशा इंजिनात पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग इंजिनच उघडावं लागतं. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरणारा, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचे, नाहीतर तीच मजुरी पुन्हा. गाडी तीन आठवडे गॅरेजात होती. त्या काळात मी शाळेत सायकलने गेलो आणि बिलाचा आकडा बायकोला हप्त्याहप्त्याने सांगितला.

श्रावणात साडू आले. एक फेरी मारली आणि गप्पच झाले. "काय पळतेय हो! उगाच विकली." मग सुरतेला एक लग्न होतं म्हणून दोन दिवसांकरिता गाडी मागितली. नाही कसं म्हणणार?

तिसऱ्या दिवशी त्यांनी दारात किल्ली हातावर ठेवली. "बघा, म्हटलं नव्हतं? एवढा प्रवास झाला, एक रुपया लागला नाही."

ते गेल्यावर गाडी सुरू केली. डिझेलचा काटा तळाला टेकला होता.