यूएसबीची टिक पुन्हा पुन्हा का येते? सचिवसाहेबांना उत्तर

सचिवसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझ्या लेखात सांगितल्याप्रमाणे तुम्ही विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या यंत्रांच्या यादीत) जाऊन कन्व्हर्टरची, म्हणजे दूध तपासणारं मशिन लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणाऱ्या वायरची, पॉवर मॅनेजमेंटची टिक (वीज वाचवायला विंडोजला यंत्र झोपवू देणारी) काढली, चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी टिक परत जागेवर. सकाळी सहाला दूध संस्थेचे सभासद किटल्या घेऊन रांगेत उभे आणि मशिनवरची फॅट काही लॅपटॉपवर येईना. 'अर्धवट माहिती लिहून लोकांचा वेळ का घालवता?' असं तुम्ही विचारलंत. राग रास्त आहे. टिक कशी काढायची ते मी लिहिलं, ती नेमकी कोणाची असते ते लिहायला हवं होतं, ते राहिलं.

तुमच्याच प्रतिक्रियेत एक वाक्य आहे : 'संस्थेत चोरीची भीती म्हणून लॅपटॉप रोज रात्री घरी नेतो.' म्हणजे वायर रोज निघते आणि रोज नव्यानं लागते. माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे.

ती टिक विंडोज प्रत्येक यंत्राच्या नोंदीसोबत वेगळी ठेवतं. यंत्राला स्वतःचा सीरियल नंबर असेल तर ते कुठल्याही पोर्टला लावा, नोंद तीच राहते. पण मिल्क अॅनालायझरला जोडायचे जे स्वस्तातले यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर मिळतात, उदाहरणार्थ सीएच३४० चिपचे, त्यांत बहुधा असा नंबर नसतो. मग विंडोज त्यांना पोर्टवरून ओळखतं. काल डावीकडच्या पोर्टला लावलेली वायर आज उजवीकडे लावली की विंडोजच्या लेखी ते नवं यंत्र. त्याला नवी नोंद, नवा कॉम नंबर (विंडोज अशा वायरीला देतं तो क्रमांक) आणि मूळची टिक. तुम्ही काढलेली टिक जुन्या नोंदीत जशीच्या तशी निघालेली असते, पण तिकडं आता वायरच नाही.

करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत हेच पाहिलं. तिथं झाडलोट करणारा मुलगा वायर काढून ठेवायचा आणि सकाळी हाताला येईल त्या पोर्टला लावायचा. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' चालू केलं, तर पोर्ट्सच्या यादीत एकाच कन्व्हर्टरच्या चार नोंदी : कॉम ३, ४, ५ आणि ७. तीन फिकट, एक ठळक. टिक निघाली होती कॉम ३ ची आणि वायर होती कॉम ७ वर. पोर्टशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, तसाच वायरच्या टोकाला दिला, आणि त्या एका नोंदीची टिक काढली. त्यानंतर त्यांची तक्रार आली नाही.

दुसरी शक्यताही तपासा, कारण तुमच्याकडं पहाटेची लाईट जाते म्हणता. पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'च्या, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी यंत्र झोपवण्याच्या, दोन ओळी असतात, 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन'. बहुतेकजण दुसरीच बंद करतात. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि पहिली ओळ लागू होते. दोन्ही 'डिसेबल्ड' करा. शिवाय हे सेटिंग प्रत्येक पॉवर प्लॅनचं (विजेच्या सेटिंगांच्या संचाचं) वेगळं असतं. लॅपटॉपसोबत आलेलं बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर प्लॅन बदलत असेल, तर तुम्ही बंद केलेलं सेटिंग मागच्याच प्लॅनमध्ये पडून राहतं.

रूट हबची, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या ज्या जोडावर यूएसबी पोर्ट असतात त्याची, टिक मात्र कधीकधी खरोखरच परत येते. विंडोजचं मोठं अपडेट आलं किंवा चिपसेटचा ड्रायव्हर नव्यानं बसला की ती मूळपदावर जाते. तेवढं अपडेटनंतर बघून घ्यावं लागतं. आणि बदल केल्यावर 'शट डाउन' करू नका, 'रीस्टार्ट' करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते.

तुमचा भाचा म्हणतो तसा हा व्हायरस नाही. यूएसबी २.० च्या पोर्टमधून यंत्राला ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते, झोपेत साधारण २.५ पर्यंतच घ्यायची, असा नियमच आहे. चांगलं यंत्र त्यातून नीट उठतं. हलका कन्व्हर्टर कधी उठतच नाही, कधी उठतो पण संकलनाच्या सॉफ्टवेअरशी तुटलेलं नातं जुळत नाही, म्हणून तुम्हाला सॉफ्टवेअर बंद करून उघडावं लागतं.

'एकदाच कायमचं बंद करणारी फाइल द्या' ही तुमची मागणी मी मुद्दाम पुरी करत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या मूळ नोंदवहीत, हात घालणारी फाइल व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत कुठल्या संस्थेत जाईल आणि तोवर तिच्यात कोणी काय घातलं असेल, सांगता येत नाही. त्या लॅपटॉपवर सभासदांच्या दहा दिवसांच्या बिलाचा हिशोब आहे.

आज संध्याकाळचं संकलन उरकलं की हिडन डिव्हायसेस उघडून फिकट नोंदी किती दिसतात आणि सध्याचा कॉम नंबर कोणता, एवढं इथंच लिहा. एकच नोंद दिसली तर माझा अंदाज चुकला असं समजून आपण पॉवर प्लॅनकडं वळू. मूळ लेखात पोर्टचा मुद्दा आजच घालतो.